फक्त अठ्ठ्याण्णव

३ मार्च
गाडी आली! टर्बो. सेकंडहँड, पण आवाज फर्स्टक्लास. बायकोला पटवायला एकच मुद्दा पुरला: बाबांची अधूनमधून दुखणारी छाती. वेळ आलीच तर हॉस्पिटल आठ मिनिटांत. बाबा बस-ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेत. टाकीच्या झाकणात डोकावून म्हणाले, साधं पेट्रोल चालतंय की हिला. म्हटलं, आधी डोळे तपासून घ्या.

४ मार्च
गाडीवाल्यांच्या ऑनलाइन फोरमवर वाचलं. पेट्रोल अठ्ठ्याण्णव ऑक्टेनच्या खाली गेलं की इंजिनाचं वाटोळं. झाकणाच्या आत स्टिकर चिकटवला: 'फक्त अठ्ठ्याण्णव'. तिथे कंपनीचं काहीतरी बारीक अक्षरांत होतं, त्यावरच बसवला. छान बसला.

७ मार्च
अठ्ठ्याण्णववाला पंप एकोणचाळीस किलोमीटरवर. जाऊन-येऊन पाव टाकी खलास. क्वालिटी म्हटली की एवढं आलंच.

१० मार्च, सकाळी ६
स्टॉपवॉच लावून हॉस्पिटलचा सराव. नऊ मिनिटं दहा सेकंद. छे! उद्यापासून रोज.

१५ मार्च
सात पन्नास! सांगायला धावत वर आलो, तर बाबा जिन्याचा कठडा धरून उभे. घामाघूम. म्हणाले, जरा थांबलोय. बायको म्हणाली, सराव पुरे, एकदा बाबांनाच घेऊन जा आणि तपासून आण. म्हटलं, शनिवारी नक्की.

२१ मार्च, शनिवार
बाबांना नेणारच होतो. पण काटा पावावर. आधी हॉस्पिटलला गेलो असतो तर मग पंपापर्यंत पुरलं नसतं. आधी पंपावर गेलो. पाटी: अठ्ठ्याण्णव संपलं, टँकर गुरुवारी. पंपवाल्याने विचारलं, साहेब, साधं टाकू? माझं तोंड बघून त्याने नळी परत अडकवली. घरी येईपर्यंत काटा लाल रेघेवर.

२४ मार्च
बाबांचा डावा हात दुखतोय. उशी बदलून दिली. हळूच म्हणाले, पाच लिटर साधं टाकून ठेव रे, मला बरं वाटत नाही. बाबा असं कधी म्हणत नाहीत. पण दोन दिवसांसाठी इंजिनाशी बेइमानी कशाला?

२५ मार्च, सकाळी ६:४०
राहवेना. एकच सराव. सात बावीस! रेकॉर्ड. आता येऊ दे कसलाही प्रसंग.

२६ मार्च, हॉस्पिटल
काल दुपारी बाबा बाथरूमच्या दारात कोसळले. बायको अँब्युलन्सला फोन लावत होती. मीच म्हणालो, नको, ती येईपर्यंत आपण पोचू. गाडी फाटकापर्यंत गेली आणि आचके देऊन बंद पडली. बायको ओरडत होती, मी किल्ली फिरवत होतो. म्हणत होतो, टर्बो आहे, मिनिटभर लागतं. वीस मिनिटं गेली. शेवटी समोरच्या बेकरीवाल्याने बाबांना उचलून त्याच्या डबड्या व्हॅनमध्ये घातलं, पावाच्या ट्रेंच्या मध्ये.
बाबा वाचले. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर हृदय एवढं गेलं नसतं. जिना आता कायमचा बंद. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.
बेकरीवाल्याला विचारलं, तुम्ही पेट्रोल कुठलं घालता? म्हणाला, जे मिळेल ते.

२८ मार्च
खाली जाऊन गाडीत बसलो. मग स्टिकर नखाने खरवडून काढला. खाली कंपनीची दीड ओळ: साधं पेट्रोल चालेल, एक्याण्णव किंवा जास्त.
केवढी बारीक अक्षरं. बाबांनी ती चष्म्याशिवाय वाचली होती.