अव्वाची चटणी आणि चार कप्प्यांचा बॉक्स

१२ एप्रिल
संकल्प. घरातले फोटो, व्हिडिओ चार जुन्या हार्ड डिस्कवर विखुरलेत. सगळं एका जागी, बॅकअपसकट. मुख्य म्हणजे अव्वाचं, माझ्या आईचं, रेकॉर्डिंग. जायच्या आदल्या वर्षी शेंगाचटणी कशी कुटायची ते सांगतेय, मध्येच मला ‘हुच्चा’, म्हणजे वेडा, म्हणते. तिचा आवाज तेवढाच उरलाय.

१३ एप्रिल
मेहुणा निंगप्पा म्हणाला, दाजी, फॅमिली ग्रुपवर टाका की, सगळ्यांकडं राहील. याला एवढी काळजी का? त्याची बायको चटणी विकते. पाणी कुठं मुरतंय ते कळलं. ग्रुप सोडला. श्रीदेवीलाही सोडायला लावला. तिच्या मोबाईलमधलं रेकॉर्डिंग पुसलं. बायको झाली तरी त्याची बहीणच.

१५ एप्रिल
क्लाउड बाद. कोणाच्या कॉम्प्युटरवर जातं, कोण ऐकतं, काही पत्ता नाही.

१८ एप्रिल
डिस्क बसवून सगळं एकत्र साठवायचा चार कप्प्यांचा बॉक्स आणला. दुकानदार बसवेश म्हणाला, जुन्या डिस्क घालू नका, सेटअपला सगळं पुसतंय, नव्या घ्या. नव्या डिस्क खपवायचा डाव. आम्हीपण सोलापूरचेच.

२० एप्रिल, सकाळ
चारही जुन्या डिस्क बसवल्या. स्क्रीनवर इंग्रजीत सूचना, सगळा डेटा जाईल. बसवेश आणि कंपनी सामील दिसतात. ओके दाबलं.

दुपार
चारही दिवे हिरवे. आत काही नाही.

संध्याकाळ
बसवेश फोनवर म्हणाला, आता काय निघत न्हाय. लाईट गेली होती. त्या अंधारात रडून घेतलं. अव्वा दुसऱ्यांदा गेली.

२१ एप्रिल
श्रीदेवीला ‘तांत्रिक बिघाड’ एवढंच सांगितलं. ती शांत. ही शांतता बरी नव्हे. खोदून विचारलं. तुम्ही पुसायच्या आधीच निंगप्पाला पाठवलं होतं म्हणाली, त्यानं ते ग्रुपवर टाकलंय. म्हणजे माझा संशय खरा होता. देवा, बरं झालं.

२२ एप्रिल
निंगप्पाला फोन केला, ग्रुपमध्ये परत घे. तो म्हणाला, आवाज तर दाजींचाच वाटतोय, पण हल्ली लई फ्रॉड चाललेत, तुमीच हाय कशावरून? रेकॉर्डिंगमध्ये अव्वा तुमाला काय म्हणतात ते सांगा.
सांगितलं. मी हुच्चा.
लगेच पटलं त्याला.