पिल्लांसाठी लावलेली खिडकी

प्रिय स्टेइन्वोर,

लेकीकडे डेन्मार्कात रमलीस ना? तिथे म्हणे खोली फार तापली की लोक रेडिएटर कमी करतात. कमाल आहे बाई! आम्ही आइसलँडची माणसं रेडिएटर तसाच ठेवून खिडकी उघडतो. म्हणजे उघडायचो. तू आमच्या गावात आलीस आणि ही पिढीजात चैन संपली.

तो हिवाळा आठवतो ना? जमिनीतून येऊन आमचे रेडिएटर तापवणारं बोअरचं गरम पाणी अचानक निम्म्यावर आलं. घरं, पोहण्याचा तलाव आणि तुझ्या मत्स्यबीज केंद्रातली सामन माशांची पिल्लं, तिघांना पुरणार नव्हतं. गावच्या सभेत सगळ्यांच्या नजरा तुझ्याकडे वळल्या, कारण घर आणि तलाव सोडायला कोण तयार होणार? आमचे बाबा सर्वांत आधी उठले. म्हणाले, "मासे गार पाण्यातच जन्मले ना? मग त्यांना कसली आलीय अंघोळ?" तू शांतपणे सांगितलंस की नदी रिकामी झालीय, गार पाण्यात पिल्लं खात नाहीत, वाढत नाहीत, आणि वसंतात ती समुद्रात जाण्याएवढी झाली नाहीत तर नदीत परत यायला कोणी उरणारच नाही. मग म्हणालीस, "मला तुमचं ताजं पाणी नकोच. रेडिएटरमधून फिरून जे कोमट पाणी तुम्ही गटारात सोडता, ते द्या."

"आमचं उष्टं पाणी माशांना?" बाबा भडकलेच. तू म्हणालीस, "पाणी नाही, केटिल, नुसती ऊब घेणार. मधे पत्रा असतो. तुमचं पाणी त्यांना शिवणारसुद्धा नाही." सभा हसली आणि तिथेच तू जिंकलीस.

मी केंद्रात तुझ्या हाताखाली होते, म्हणून मला ठाऊक आहे ती ऊब तू कशी पुरवून पुरवून वापरलीस. अंड्यांना मुद्दाम गार पाण्यात ठेवलंस, म्हणजे ती उशिरा फुटतील आणि आत्ताच वाटा मागणार नाहीत. ऊब आधी मागे राहिलेल्या बारक्या पिल्लांच्या टाक्यांना, मग मोठ्यांना. आज भरपूर आणि उद्या काहीच नाही असं एकदाही होऊ दिलं नाहीस, कारण अशा हिसक्याने पिल्लं दगावतात. घरात चार पाहुणे आले की माझा स्वयंपाक कमी पडतो. तू हजारो तोंडं सांभाळलीस. मी तेव्हा कधी बोलले नाही, पण तुझा फार अभिमान वाटायचा गं.

आणि तरी घरांतून येणारं पाणी गारच यायला लागलं! तू डोकं धरून बसलीस, मग बाहेर जाऊन वर पाहिलंस. गल्लीतली प्रत्येक खिडकी सताड उघडी. सगळी ऊब आभाळाला चाललेली. दुसऱ्या दिवसापासून तू स्कीची काठी घेऊन दारोदार फिरायला लागलीस. काठीने तावदानावर टकटक करायचीस आणि ओरडायचीस, "लावा! पोरं गारठतायत माझी!" लोक चिडले, हसले आणि लावू लागले. एकटे बाबा ऐकेनात. "मी जन्मात बंद खिडकीत झोपलेलो नाही. गुदमरून मेलो तर तुझे मासे येणार आहेत का खांदा द्यायला?"

तू वाद घातला नाहीस. त्यांना केंद्रात आणलंस आणि टाकीत बोट घालायला सांगितलंस. दाणे आले असं वाटून पिल्लं बोटाभोवती जमली, चावे घेऊ लागली. बाबा कितीतरी वेळ वाकून उभे होते. घरी आल्यावर त्यांनी खिडकी लावली. पुढे तर तुझ्यापेक्षा तेच कडक झाले. पाद्रीबाईंनाही त्यांनी भर रस्त्यात झापलं, "देवाला ऐकू जातं बंद खिडकीतूनसुद्धा!"

ती पिल्लं या उन्हाळ्यात परत आली, स्टेइन्वोर. आपण पाठीवरचा छोटा पर कापून खूण केलेली, तीच. पहिला सामन बाबांच्याच गळाला लागला. खूण दिसताच त्यांनी तो दोन्ही हातांनी पाण्यात धरून ठेवला, दम खाऊ दिला आणि सोडला. "घरचा आहे," म्हणाले. माझे बाबा, ज्यांनी आयुष्यात एक मासा परत सोडला नाही! मला रडू आवरेना.

आता खरं कारण लिहिते. बाबा अंथरुणाला खिळलेत. छातीत पाणी होतंय, श्वास पुरत नाही. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. त्यांना वारा हवाय, नजर सारखी खिडकीकडे जाते, पण उघडू देत नाहीत. "टाक्यांत पिल्लं आहेत," म्हणतात. तुझ्या जागी आलेला ब्रिन्यार घरी येऊन सांगून गेला की एका खिडकीने काही बिघडत नाही. बाबा म्हणाले, "काल आलेल्या पोराला काय कळतंय? स्टेइन्वोरला विचार." फोन लावून देते म्हटलं, तर फोनवर कोणीही कोणाचा आवाज काढतं म्हणे. म्हणून विचारते, केटिलनी आता खिडकी उघडली तर चालेल का? तुझ्या हातच्या दोन ओळी पाठव. आणि जमलं तर तूच ये. काठी माझ्या दाराआडच आहे. ती घेऊन ये आणि या वेळी तूच त्यांची खिडकी उघड.

तुझीच,
ओड्नी