दारात तर मीच बसलेली

साक्षी,

भाकरी दुरडीत हायत, कालवण झाकलंय. मी भंगारवाल्याकडं पलूसला चाललेय. का, ते वाच.

तू फोन चार्जिंगलाच इसरून शाळेत शिकवाया गेलीस. लय वाजाया लागला म्हणून उचलला. कोण एक बाप्या म्हणाला, "तुमच्या जांभळ्या साडीवर कंपनीनं बक्षीस दिलंय, घिऊन दारात उभा हाय, ओटीपी सांगा." तुझं नाव, आपला पत्ता, साडीचा रंग, समदं बराबर. पर दारात तर मीच बसलेली, शेंगा फोडत! आन् आपलं पार्सल कवा दारात आलंय? ते चांदसाहेबांच्या गिरणीत पडतंय. मी म्हणलं, "दिसत न्हाईस रं, हात वर कर बघू." लगेच फोन ठिवला त्यानं.

मग ध्यानात आलं. परवा तू खोकी भंगारात दिलीस, त्यावर नाव-नंबर तसंच चिकटलेलं, आत बिलबी. तीच परत आणाया चाललेय. हितनं पुढं कागद चुलीत, मगच खोकं भाईर. तुझ्यावर राग न्हाई. मागल्या साली मीबी ओटीपी सांगून बसलेच की. तवापासनं माझा फोन कपाटात, किल्ली तुझ्याजवळ.

कृष्णातचा पलटणीतनं फोन आला की पहिलं सांग, तुझ्या आईनं चोर वळखला. मागल्या साली माझी फजिती समद्या भावकीला सांगितलीस, आता हेबी सांग म्हणावं त्याला.

तुझा फोन चार्ज झालाय. आता त्या पिनेला माझा लाव.

आत्ती