अमोलचा पिवळा कुर्ता

मंगळवार, संध्याकाळ. वारजे.

डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसले. अमोलचा डेन्मार्कहून फोन. "आई, माझा पिवळा कुर्ता कुरिअर कर. फोटो काढायचाय."

कसला फोटो? तर तिथल्या एका पक्षाच्या नव्या पुढारीणबाईंबरोबर, निवडणुकीच्या पत्रकावर छापायला. आणि पक्ष कोणता, तर बाहेरून आलेल्यांना परत पाठवा म्हणणारा. मी म्हटलं, "अरे, मग तू कोण?"

हसला. "त्या म्हणतात, तुम्ही त्यातले नाही. तुम्ही कंप्युटरवाले, कामाची माणसं."

त्यातले नाही! हे मी ऐकलंय. अकोल्याहून इथे नव्याने आलो तेव्हा मी एका घरी पोळ्या करायला जायचे. तिथल्या बाई माझी जात कळल्यावर म्हणाल्या, "वाटत नाहीस हो त्यातली." कौतुकच केलं माझं. दुसऱ्या दिवसापासून माझा कप वेगळा, खिडकीत पालथा.

अमोलला विचारलं, "मला तिकडे राहायला नेणार होतास ना? मग विचार तुझ्या बाईंना, तुझी आई कशातली?"

"आई, आईवडिलांना आणणं बंद करा म्हणतात त्या. पण आपल्यासाठी काहीतरी..."

"कुर्ता मिळणार नाही," म्हटलं आणि फोन ठेवला.

जास्त बोलले का? बोलले तर बोलले. चौथी शिकलेय, पण तो कप अजून विसरले नाही.

पिवळा कुर्ता इस्त्री करून कपाटात ठेवलाय. हवा असेल तर इथे यावं, घालावा, आणि फोटो माझ्या शेजारी उभं राहून काढावा.