माझा दाखला

ती. ताईस, नमस्कार.

डॉक्टरीणबाईंनी छकुलीच्या चंचलपणाला आजार म्हटलं, गोळ्या सुचवल्या, तेव्हा तू माझ्याकडे बोट दाखवलंस. "हा माझा भाऊ. अस्साच वेंधळा होता. बाबांनी चार रट्टे दिले, सुतासारखा सरळ झाला!" मी हसलो. त्या मात्र माझ्याकडे बघतच राहिल्या.

आमच्या पुस्तक-बाइंडिंगच्या दुकानात मालक सांगतात, याच्या हातून एक पान उलटं लागत नाही. खरं आहे. पण शिवण घालण्याआधी मी पानं पुन्हा पुन्हा मोजतो. घरी निघालो की अर्ध्या वाटेवरून मागे फिरून कुलूप ओढून बघतो. मन लहानपणी जसं भरकटायचं, तसंच आजही भरकटतं. आता सोबत धास्ती असते, एवढाच फरक. शाळासुद्धा मी त्या धास्तीमुळेच सोडली.

काल तुझ्याकडे आलो तेव्हा छकुली दप्तर रिकामं करून भरत होती, पुन्हा उपसत होती. तू आतून म्हणालीस, "बघ, गोळीविना सुधारली की नाही? अगदी मामावर गेली."

तिनं हळूच विचारलं, "मामा, तू पण सारखं तपासतोस ना? मग तुला कोण मारतं?"

"आता कोणी नाही," मी म्हणालो. तिला ते पटलं नाही.

ताई, तिला परत डॉक्टरांकडे ने. हे पत्र तुझ्या हाती द्यायचा धीर होत नाही. टपालानं पाठवावं, तर बाबा तुझ्याकडेच राहतात, आणि पत्र आधी तेच उघडतात.

तुझा,
धाकटा