आईच्या कुळाचा कावळा

आप्पा, तुम्ही आमच्या दुबईच्या बाल्कनीत बसून कोरलेल्या कावळ्याबद्दल लिहायचं आहे. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, तेव्हा मी घाई केली असं कुणी म्हणणार नाही.

तुम्ही आमच्याकडे राहायला आला होतात, त्या हिवाळ्यात माझ्या कंपनीने हस्तकलेच्या मेळ्यासाठी अलास्काहून त्लिंगिट जमातीचे एक वयस्कर कारागीर बोलावले होते. मॉलमध्ये बसून ते लाकडात डोमकावळा कोरत. माहितीफलक माझ्याकडे, संस्कृत शिकलेल्या माणसाला दुसरं काय देणार. त्यांनी मला नीट समजावलं होतं, की हा पक्षी शोभेचा नाही, त्यांच्या आईच्या कुळाचा आहे. त्याची गोष्ट, गाणं, आकार, सगळं कुळाचं. कुळाला विचारल्याशिवाय कोरायचं नाही. मी ते फलकावर फार सुरेख लिहिलं. ते परत गेले आणि एका हॉटेलला लॉबीसाठी तो कावळा 'सेम टू सेम' हवा झाला. मॅनेजर म्हणाला, "तेरे फादर कार्पेंटर हैं ना? यल्ला, चल, उनसे करवा ले."

तुम्ही त्यांच्या कावळ्याचा फोटो डोळ्यांजवळ धरून बघताय. "जन्मभर देवळांना गरुड दिले, आता तुझ्या हॉटेलाला कावळा. बरं, आहे कुणाचा हा?" शेजारच्या गावच्या पालखीची नक्षीसुद्धा तुम्ही त्यांच्या मानकऱ्यांना विचारल्याशिवाय कधी उचलली नव्हती, म्हणून विचारलंत. मी म्हणालो, "कुणाचा नाही हो, डिझाइन आहे." तुम्ही पटाशी हातात घेतलीत.

पुढच्या हिवाळ्यात तुम्ही परत आलात आणि मी कौतुकाने तुम्हाला ती लॉबी दाखवायला नेलं. मेळ्याचे पाहुणे त्याच हॉटेलात उतरवले होते, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. ते कारागीर तुमच्या कावळ्यासमोर उभे होते. आवाज न चढवता त्यांनी मला विचारलं, याला परवानगी कुणी दिली? मी इंग्रजीत म्हणालो, माझे वडील खेड्यातले, त्यांना यातलं कळत नाही, फोटो बघून त्यांनी आपल्या मनानेच केलं. तुम्ही माझी बाही ओढलीत. "काय म्हणतायत रे?"

"हात चांगला आहे म्हणतायत."

तुम्ही त्यांना वाकून नमस्कार केलात. ते तुमच्या बोटांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

तुमच्या बाराव्याला सुतारआळीतले एक काका म्हणाले, परदेशी कारागिरानेसुद्धा आप्पांचा हात मानला होता. मी मान डोलावली. हे पत्र कुणाला वाचायला देणार नाही. गावी अजून कुणी ना कुणी तो किस्सा सांगतं, आणि मला तो ऐकायला आवडतो.