कागदावर नसलेली वायर

३ फेब्रुवारी, सोम.
नंदाक्कांची लाल गाडी आली. दोनच माणसांची, छप्पर मागे सरकणारी. आत बसणं म्हणजे जमिनीवर पाट मांडून बसणं. गॅरेजच्या चढावर पोट घासू नये म्हणून अप्पांनी दोन फळ्या टाकल्या. "हळू या अक्का. गाडी हाय का घोरपड ही," म्हणाले. त्या हसल्या.

काम असं: जुना रेडिओ काढून त्या जागी टॅब. गाणी, मागचा कॅमेरा, नकाशे, सगळं त्यावर. सुप्याच्या पुढे त्यांचा होमस्टे आहे. तिथे आणि तिथून आत नेटवर्क नाही, म्हणून नकाशे आधीच भरून द्यायचे. अप्पा म्हणाले, माझे डोळे आता बारीक तारेला लागत न्हाईत, ही गाडी तुझी. पहिलं एकटीचं काम.

नंदाक्का जाता जाता दोन गोष्टी बोलल्या. एक, गाडी आठवडाभर उभी राहिली की बॅटरी बसते, तेही बघ. दुसरी, शेवंतीला कामावरून काढलं. शेवंती त्यांच्याकडे स्वयंपाक करायची, आत जंगलातल्या दिग्गी गावची. अक्का कुठे जातात, कधी येतात, सगळं साहेबांना कळवत होती म्हणे. साहेब म्हणजे त्यांचे यजमान, हुबळीला असतात. शेवंतीकडे फोन आहे का, हे विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

४ फेब्रु.
रेडिओ निघाला. टॅबसाठी चौकट घासायला घेतली. कड अजून अर्ध्या केसाइतकी वाकडी आहे. बाकी कुणाला दिसणार नाही, मला दिसते.

दुपारी साहेबांचा फोन अप्पांना. अप्पा फोन घेऊन बाहेर गेले. ते फोनसाठी कधी बाहेर जात नाहीत. आत आल्यावर म्हणाले, "वैजू, स्टिअरिंगच्या खाली जुनं वायरिंग हाय, त्याला हात लावू नगो. साहेब म्हणालेत."
टॅबचं काम मधल्या भागात. स्टिअरिंगखाली मी जाईनच कशाला? मग सांगितलं का?

५ फेब्रु.
चौकट बसली. टॅब चालू. किल्ली फिरवली की उठतो, काढली की झोपतो. पंधरा वेळा करून पाहिलं.

आता बॅटरी. हे न शोधता गाडी दिली तर उद्या बॅटरी बसल्यावर दोष टॅबवर, म्हणजे माझ्यावर. मीटर लावला. किल्ली बंद, दारं बंद, तरी कुणीतरी करंट खातंय. एकेक फ्यूज काढत गेले. सहावा काढल्यावर काटा खाली आला. त्या फ्यूजवरून एक वायर स्टिअरिंगखाली जाते.
हात लावला नाही. अजून.

६ फेब्रु.
अप्पा सामान आणायला खानापूरला गेले तेव्हा खाली आडवी झाले आणि पाहिलं. काळा डबा, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. आत सिमकार्ड. हिरवा दिवा लुकलुकतो. गाडी कुठे आहे ते कुणाच्या तरी फोनवर दाखवणारा. जंगलात नेटवर्क मिळत नाही, तेव्हा तो हुडकत बसतो आणि बॅटरी खातो. म्हणून बसत होती.

साहेबांनी बसवला असणार. हुबळीत. हे मनात येतंय तोवर टॉर्चचा उजेड वायरीच्या जोडावर पडला.
पिवळा दोरा. तीन वेढे, दोन गाठी, टोक मेणबत्तीवर जाळलेलं.

अशी गाठ जगात एकच माणूस मारतो. आपला जोड आपल्याला ओळखू यावा म्हणून. अप्पांनी मला अक्षरांच्या आधी ही गाठ शिकवली. चार वर्षांची असेन, तांबडी, काळी, पिवळी वायर ओळखता येत होती, ग म भ न येत नव्हतं.

सगळं परत झाकून ठेवलं. अप्पा आले, विचारलं, काय करूलैस? म्हटलं, चौकट घासते. चौकट कालच झाली होती. त्यांनाही ते माहीत होतं.

७ फेब्रु.
आमची रीत: गाडीत जी वायर घातली ती कागदावर काढायची. एकही सोडायची नाही. गाडी देताना कागद मालकाला वाचून दाखवायचा, एकेका वायरीवर बोट ठेवून. मग मालकाची सही, आपली सही, आणि कागद गाडीच्या कप्प्यात. पुढे गाडी कुणाच्याही हातात जावो, आत काय आहे ते त्याला कळलं पाहिजे.

कप्प्यातला गेल्या वर्षीचा कागद काढला. अप्पांचं अक्षर. धुक्याचे दिवे, हॉर्न. डबा नाही.

त्याच प्लास्टिकच्या पाकिटात गाडीचं आरसी. गाडी साहेबांची असेल असं धरून चालले होते. मालक म्हणून नाव नंदाक्कांचं आहे.
कागद त्या पाकिटात अप्पांनीच ठेवला. म्हणजे आरसी त्यांच्या हातात आलं होतं. वाचलं असेल? नसेल? दिवसभर त्यांच्याकडे पाहत होते, परक्या माणसाकडे पाहावं तसं. दोनदा त्यांनी मान फिरवली.

८ फेब्रु.
आई देवळात गेल्यावर अप्पांना विचारलं. टेबलावर कागद ठेवला, शेजारी आरसी.
अप्पांनी चष्मा काढून पुसला.
"चोरीची भीती हाय म्हणाले. मालक म्हणतोय म्हटल्यावर मी बसवला."
"मालक ते नाहीत."
"नवरा हाय की त्यांचा."
"मग कागदावर का नाही काढला, अप्पा?"
अप्पा हळू म्हणाले, "कागदावर नगो म्हणाले. तवाच मला कळायला पायजे हुतं." चष्मा डोळ्यांवर चढवला. "कळलं हुतं."

हे शेवटचं त्यांनी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. की नसतं? कळत नाही. ज्यांच्याकडून एकही वायर सोडायची नाही हे शिकले त्यांनीच...

१० फेब्रु., सोम.
काल दिवसभर नवा कागद काढला. टॅब, कॅमेरा, कन्व्हर्टर, स्पीकर. सात वायरी. आठवी काढू की नको, यात दुपार गेली. काढली तर अप्पांचं नाव जातं. नाही काढली तर खाली सही माझी. शेवटी काढली. पेन्सिलने. मग वरून पेन फिरवला.

आज सकाळी नंदाक्का आल्या. टॅब पाहून खूश. नकाशात दिग्गीची वाट मोठी करून पाहिली. मी कागद उघडला. पहिली, दुसरी, तिसरी. सातवी वाचली आणि बोट तिथेच अडलं.
अप्पा मागे उभे होते. पुढे आले, आठवीवर स्वतःचं बोट ठेवलं.
"ही माझी, अक्का. गेल्या साली साहेबांनी बसवून घेतली. गाडी कुठं जाते ते त्यांच्या फोनवर दिसतंय. तुम्हाला सांगितलं न्हाई. चुकलो."

मला वाटलं ओरडतील. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. पाणी दिलं, प्यायल्या नाहीत.
"हे मला दरवेळी विचारायचे, बेळगावात काय काम होतं, खानापुरात कुणाला भेटलीस. मला वाटायचं घरातलंच कोणीतरी सांगतंय." मग म्हणाल्या, "शेवंती रडत शपथा घेत होती. मी तिचं गाठोडं उघडून बघितलं, वैजू. फोन लपवलाय म्हणून. दोन लुगडी निघाली."

अप्पा म्हणाले, आत्ता काढतो डबा.
"काढा. पण बंद करू नका. चालूच ठेवा, हितंच."
मला समजलं नाही. अप्पांना समजलं. त्यांनी डबा काढला, आणि सांगितलं तसा मी तो आमच्या बाकावर जुन्या बॅटरीला जोडला. म्हणजे साहेबांच्या फोनवर गाडी इथेच, रामनगरला आमच्या गॅरेजात दिसणार.
"गुरुवारपर्यंत," नंदाक्का म्हणाल्या. "मी फोन करते, मग बंद करा."
कुठे जाणार ते सांगितलं नाही. आधी दिग्गी, एवढंच. डांबर संपेल तिथे गाडी लावून जीपने जाईन, शेवंतीच्या दारात जायचंय, म्हणाल्या. तिथून पुढे? विचारलं नाही. मला माहीतच नसलेलं बरं.
कागदावर सही केली. अप्पांनी माझ्या सहीखाली आपली केली. एक प्रत आम्ही ठेवली.

११ फेब्रु.
हे खोटं आहे का? डबा इथे आहे आणि इथेच दिसतो. आम्ही कुणाला काही सांगितलेलं नाही. तरीही एका माणसाला फसवायच्या कामात आपला हात आहे, हे सुटत नाही. मग वाटतं, वर्षभर एका बाईला फसवलं त्यातही आपलाच दोरा होता.
साहेबांचा फोन दोनदा वाजला. अप्पांनी वाजू दिला.

१२ फेब्रु.
बाहेर कुठलीही मोटार थांबली की बाकाकडे बघते. आईने विचारलं, सारखी काय डोकावूलैस? उंदीर आहे म्हटलं. हे मात्र खोटंच.
नंदाक्का माझ्यावर तरी विश्वास ठेवत असतील का? मीही अप्पांचीच मुलगी.

१३ फेब्रु., गुरु.
अकराला साहेबांचा फोन, या वेळी माझ्या नंबरवर. घेतला. त्यांनी काहीच विचारलं नाही. "गाडी अजून तुमच्याकडेच दिसते, तयार नाही वाटतं. उद्या सकाळी मी स्वतः येतो न्यायला." ठेवला. मला एकही शब्द बोलावा लागला नाही. सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच लाज.

अप्पांना सांगितलं. ते बाकाशी गेले, डब्याची वायर तपासली. मी घाईत नुसती पिळून जोडली होती. त्यांनी पिवळा दोरा घेतला. सुईत दोरा ओवताना करतात तसे डोळे बारीक करून तीन वेढे दिले, दोन गाठी, टोक जाळलं. मग आमच्याकडची प्रत घेऊन आठव्या वायरीपुढे लिहिलं, १० तारखेला गाडीतून काढली, आमच्या बाकावर.
"उद्या आले की कागद वाचून दाखवू त्यास्नी बी," म्हणाले. "रीत हाय आपली. बोट मी ठेवतो."
"आणि अक्का कुठे गेल्या म्हणून विचारलं तर?"
"ते कागदावर न्हाई."

संध्याकाळचे सहा. गुरुवार संपत आला. नंदाक्कांचा फोन नाही. दिग्गीत नेटवर्क नसतं, हे मी दहाव्यांदा स्वतःला सांगितलं. बाकावर डब्याचा हिरवा दिवा चालू आहे.